रात्रीचा कप्पा

मी पाय घसरून पडलो नाही.

ओल्या पानांवरून घसरलो, असं मी इस्पितळातून आमच्या धावण्याच्या ग्रुपवर लिहिलं होतं. ते वाचून कितीतरी जणांनी जोडलेल्या हातांची चित्रं पाठवली. त्या रविवारी पाऊस नव्हता. रस्ता कोरडा ठणठणीत होता. माझ्या मागेपुढे धावणाऱ्यांना ते माहीत होतं, पण एकोणसत्तर वर्षांच्या माणसाला तोंडावर खोटं कोण पाडणार?

आमचा कोच निखिल पुण्याहून इथे नोकरीला आलेला. गेले दोन महिने तो मागे लागलाय. "अण्णा, यंदा पहिली मॅरेथॉन धावणारे बरेच आहेत. इंज्युरीतून कसे बाहेर आलात ते लिहा ना. फक्त पॉझिटिव्ह ठेवा."

पॉझिटिव्ह किती ठेवता आलं ते शेवटी दिसेलच. हे सगळं लिहायला माझ्या बायकोनं, सुमतीनं, होकार दिलाय. तिची अट एकच होती: "मला बिचारी करून लिहू नका."

*

आम्ही जे. पी. नगरला राहतो. आमचं घराणं इतक्या पिढ्या कन्नड मुलखात आहे की आमची मराठी ऐकून निखिलला हसू येतं. एका कारखान्याच्या टूलरूममध्ये मी चौतीस वर्षं काढली, शेवटची बारा सुपरवायझर म्हणून. त्या कामानं मला एक सवय लावली. जे घडेल ते त्याच दिवशी वहीत लिहायचं. कोणतं मशीन किती वाजता बंद पडलं, कुणी चालू केलं, काय बदललं. निवृत्तीनंतर मशीन गेली, वही राहिली. सदुसष्टाव्या वर्षी तळ्याभोवती चालता चालता पळायला लागलो तेव्हा रोजची पळापळ तिच्यात उतरू लागली.

ग्रुपमध्ये सगळ्यांत म्हातारा मीच. त्याचं कौतुक फार व्हायचं. "अण्णांना पकडा रे, नाहीतर अण्णा पुढे जाऊन आपल्या इडल्या संपवतील," असं पोरं मागून ओरडायची. नव्या आलेल्या मुली पाया पडायच्या. मी ते एकदाही थांबवलं नाही. कारखान्यात चौतीस वर्षांत माझ्या कोणी पाया पडलं नव्हतं.

आमच्या ग्रुपची एक पद्धत आहे. पहिली मॅरेथॉन धावणाऱ्याच्या घरचं एक माणूस पस्तिसाव्या किलोमीटरला उभं राहतं. बेचाळीसपैकी तिथेच माणसाचा धीर सुटतो. घरच्या माणसानं त्याला मीठ घातलेलं लिंबूपाणी पाजायचं आणि दहा पावलं बरोबर चालायचं. माझ्यासाठी सुमती उभी राहणार होती. तिचे दोन्ही गुडघे झिजलेले.

"दहा पावलं?" ती म्हणाली. "सहा चालतील का, विचारा तुमच्या निखिलला."

*

जूनच्या शेवटी उजव्या जांघेत दुखायला लागलं. पळायला लागलं की दुखायचं, बसलं की जायचं. पुढच्या आठवड्यात चालतानाही दुखू लागलं. निखिलनं माझी चाल बघितली.

"अण्णा, दुखतंय का कुठे? जरा एकट्या उजव्या पायावर उडी मारून दाखवा."

"अरे, कॉफी गार होतेय," असं म्हणून मी सटकलो. उडी मारता येणार नाही हे मला ठाऊक होतं. घरी न्हाणीघरात दार लावून मी ती मारून बघितली होती आणि नळ धरून उभा राहिलो होतो.

डॉक्टरकडे गेलो असतो तर त्यांनी थांबवलं असतं. म्हणून गेलो नाही. याहून खोल कारण नाही.

सुमतीच्या औषधांची एक प्लास्टिकची डबी आहे. आमच्या मुलीनं, विद्यानं, आणून दिलेली. सात वारांचे सात कप्पे, प्रत्येकाचे दोन भाग: सकाळचा आणि रात्रीचा. सकाळी रक्तदाबाची आणि थायरॉइडची गोळी. रात्रीच्या कप्प्यात एकच, पिवळी, गुडघ्यांची. जेवणानंतर घ्यायची. दर रविवारी चष्मा लावून सुमती ती डबी भरायची.

एका मंगळवारी पहाटे पळायला जाण्याआधी मी रात्रीचा कप्पा उघडला, पिवळी गोळी केळ्याबरोबर गिळली आणि कप्पा लावून टाकला. त्या दिवशी बारा किलोमीटर पळालो. दुखलं, पण लांबून दुखल्यासारखं.

जेवण झाल्यावर सुमतीनं डबी उघडली.

"अय्यो, घेतलेली दिसतेय मी. कॉफीबरोबरच घेतली काय?"

मी पेपर वाचत होतो. 'मी घेतली' एवढं म्हणायला काहीच हरकत नव्हती. "घेतली असशील," असं मी म्हणालो.

*

खालच्या औषधाच्या दुकानातून गोळी का आणली नाही, असं कुणीही विचारेल. दुकानदार आमच्या विद्याला ओळखतो. तो चिठ्ठी मागेल, विद्याला सांगेल. डबी हाताशी होती. शिवाय दर वेळी वाटायचं, ही शेवटची.

आठवड्यातून दोनदा, कधी तीनदा घेत होतो. दर वेळी वहीत त्या दिवसाच्या किलोमीटरपुढे 'पि' लिहीत होतो. चोरी करताना नोंद ठेवणारा माणूस मी. सवयच तशी.

सुमती रिकामा कप्पा बघायची आणि डबी मिटायची. त्या रात्री तिला गोळी मिळायची नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी गुडघे जास्त धरायचे. जिन्याच्या कठड्याला ती दोन्ही हातांनी धरून उतरायची. मी ते बघायचो. मला वाटायचं, ऑक्टोबरपर्यंतचाच प्रश्न आहे.

एका दुपारी तिनं विद्याला फोनवर सांगितलेलं मी आतल्या खोलीतून ऐकलं. "विद्या, मी गोळी घेते आणि घेतल्याचं मला आठवत नाही गं. पाच वेळा झालं. कुणाला बोलू नकोस."

विद्या इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते. ती त्याच शनिवारी गाडी घेऊन आली आणि आईला स्मरणशक्तीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. मीही गेलो. डॉक्टरांनी तिला तीन शब्द सांगितले, घड्याळ काढायला लावलं, अकरा वाजून दहा मिनिटं दाखवायला लावली. मग ते तीन शब्द विचारले. सुमतीला दोनच आठवले. इतकी भीती सासरी पहिला भात लावतानाही वाटली नव्हती, असं ती नंतर म्हणाली.

डॉक्टर भले होते. "या वयात चालतं. काळजी नको. जे विसराल ते रोज एका डायरीत लिहा, सहा महिन्यांनी परत दाखवा," असं म्हणाले.

त्या डॉक्टरांच्या खोलीत मी दीड हातावर बसलो होतो. तोंड उघडलं असतं तर सगळं तिथेच संपलं असतं. मला पुढच्या दिवशी अठ्ठावीस किलोमीटर पळायचं होतं.

*

त्यानंतर सुमतीनं एकेक गोष्ट सोडली. ती कधी 'सोडते' म्हणाली नाही. आधी बसनं एकटी जाणं सोडलं. ती दर गुरुवारी दोन बस बदलून विद्याकडे जायची. आता विद्यालाच यायला सांगायची. मग घरात कुणी नसताना गॅस लावणं सोडलं. कपाटाची किल्ली माझ्या हातात देताना म्हणाली, "तुमच्याकडे असू दे. मी कुठेतरी ठेवून देईन."

आणि एकदा भाजी निवडता निवडता: "अहो, निखिलला सांगा, पस्तीसला विद्या उभी राहील. मी कुठे उभी राहायचं तेच विसरले तर तुम्ही कुणाकडे बघणार?"

त्यानंतरही मी नऊ वेळा रात्रीचा कप्पा उघडला.

*

ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी, सव्वीस किलोमीटर झाल्यावर, आतून काहीतरी तुटल्याचा आवाज मला ऐकू आला. आधी आवाज, मग मी खाली. उजवं पाऊल बाहेरच्या बाजूला वळून पडलं होतं, दुसऱ्या कुणाचं असावं तसं. निखिल माझं डोकं मांडीवर घेऊन बसला. तो रडत होता. मी त्याला "घड्याळ बंद कर" एवढंच सांगत होतो. सव्वीस किलोमीटरची नोंद राहायला हवी होती.

एक्स-रे बघून हाडांचे डॉक्टर म्हणाले, "खुब्यात मोडलंय. पण ही भेग आजची नाही. आधी किती दिवस दुखत होतं?"

"नाही दुखलं," मी म्हणालो.

सुमती खाटेच्या दांड्याला धरून उभी होती. "खरंच डॉक्टर, हे कधी दुखलं म्हणालेच नाहीत." मग थांबून म्हणाली, "म्हणाले असले आणि मी विसरले असले तर माहीत नाही."

त्यानंतर रक्ताचे रिपोर्ट आले. मूत्रपिंडांना धक्का बसला होता. एवढ्यात भूल देता येणार नाही म्हणाले. मोडलेल्या हाडासकट, पायाला वजन टांगून, मी दोन दिवस तसाच पडून राहिलो. ते दोन दिवस मी नीट वर्णन करू शकत नाही. छतावर एक पंखा होता. कुणी खाटेला नुसता धक्का लावला तरी मी ओरडायचो. पाठीखालची चादर बदलायला चार जण लागायचे. लघवीची पिशवी खाटेला लटकत असायची आणि येणारा जाणारा प्रत्येक डॉक्टर आधी तिच्याकडे बघायचा, मग माझ्याकडे.

त्यातही बरं असं काही होतं. सकाळी पाचला अंग पुसायला येणारी सिस्टर दर वेळी म्हणायची, "स्वल्प, अण्णा, स्वल्प," म्हणजे जरासंच, आणि खरंच जरासंच हलवायची. बाकीचे जरासं म्हणायचे आणि पुरतं उलटं करायचे.

दुसऱ्या दिवशी सुमती खाली कॉफीला गेली असताना एक तरुण डॉक्टर माझ्याजवळ आली. तिनं स्टूल ओढलं आणि कन्नडमध्ये हळूच विचारलं, "आजोबा, आता कुणी नाहीये. मूत्रपिंडं अशी उगाच बिघडत नाहीत. दुखण्याच्या गोळ्या घेत होतात ना?"

"हो."

"कुठून आणत होता?"

"घरातल्या होत्या." मग म्हणालो, "घरच्यांना सांगू नका."

ती लिहीत राहिली. "मला कागदावर लिहावंच लागेल. घरी सांगायचं ते तुमचं काम." ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

त्याच दुपारी सिस्टर माझ्या औषधांची पिशवी सुमतीच्या हातात द्यायला लागली. सुमतीनं हात मागे घेतले. "बेडा, बेडा, माझ्याकडे नको. मुलगी येईल तिच्याकडे द्या. माझ्या लक्षात राहत नाही."

पिशवी माझ्या अंगावरून, खाटेच्या या बाजूकडून त्या बाजूला, तशीच परत गेली.

*

खुबा बदलला. घरी सोडताना दिलेला कागद विद्यानं वाचला आणि भडकली. "अप्पा! पेनकिलर? कुणाला विचारून?"

"दुकानातून चार-पाच आणल्या होत्या," मी म्हणालो. हे आणखी एक खोटं. आधीच्यांपेक्षा सहज निघालं.

ज्यांचं हाड मोडलंय किंवा मोडायच्या बेतात आहे त्यांच्यासाठी घरच्या दिवसांबद्दल थोडं लिहितो. वॉकर घेऊन न्हाणीघरापर्यंतची अकरा पावलं मला पहिल्या दिवशी जमली नाहीत. संडासाच्या भांड्यावर उंच बैठक बसवावी लागते. पायमोजा स्वतः घालता येत नाही. हे सगळं होतं आणि हळूहळू सुटतंही. फिजिओथेरपिस्ट सांगेल ते निमूट करा. पण आपल्याला उचलायला वाकणाऱ्या माणसाकडे बघणं, ते सुटत नाही. सुमती माझा पायमोजा घालायला खाली बसायची आणि परत उठताना माझ्या खुर्चीचा हात धरून तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घ्यायची. गुडघ्यांची पिवळी गोळी डॉक्टरांनी तिचीही बंद केली होती. "विसरून दोनदा घेतली तर?" या भीतीनं.

डिसेंबरात विद्यानं ठरवलं की आम्ही दोघांनी जे. पी. नगरचं घर बंद करून तिच्याकडे राहायला यावं. "अम्माला एकटीला तुमचं आणि घराचं झेपणार नाही. जानेवारीत डॉक्टर काय म्हणतात बघू आणि मग सामान हलवू." सुमती "सरी", म्हणजे बरं, एवढंच म्हणाली. अडतीस वर्षं ज्या ओट्यापाशी उभी राहिली त्याच्याकडे न बघता म्हणाली.

*

जानेवारीतल्या त्या तपासणीच्या आदल्या दिवशी सकाळी सुमती जमिनीवर वर्तमानपत्र पसरून अवरेकाई सोलत होती. थंडीतल्या त्या शेंगांच्या वासानं घर भरलं होतं. मी वॉकर घेऊन बाहेर आलो तेव्हा तिचे ओठ हलत होते. मला वाटलं, जप करतेय.

जवळ गेल्यावर ऐकू आलं. "सफरचंद, टेबल, रुपया. सफरचंद, टेबल, रुपया."

वर्तमानपत्राच्या कडेला, कोऱ्या जागेत, तिनं पेननं घड्याळं काढली होती. सहासात. सगळ्यांत अकरा वाजून दहा मिनिटं.

मला खाली बसता येत नव्हतं. उभ्यानंच म्हणालो, "सुमती, तू काही विसरत नव्हतीस. तुझ्या गोळ्या मी घेत होतो. पळता यावं म्हणून."

तिनं मान वर केली. मग हसली, मला तिचं ते हसू अजून दिसतं.

"उद्याची भीती वाटतेय मला हे कळलं तुम्हाला. मला बरं वाटावं म्हणून सांगताय. असू दे."

"अगं, खरं सांगतोय."

"असू दे म्हटलं ना."

सहा महिने मी खोटं बोललो तेव्हा तिनं प्रत्येक शब्द खरा मानला होता. खरं बोललो तेव्हा तिनं ऐकलं नाही.

मी आत जाऊन वही आणली. वॉकरच्या दांड्यावर वही धरून चालणं सोपं नसतं, दोनदा पडली. "तुझी डायरी दे," म्हणालो. तिनं आधी दिली नाही. मग उशीखालून काढून आणली.

टेबलावर दोन्ही शेजारी ठेवल्या. माझ्या वहीत: मंगळवार, दहा किलोमीटर, पि. तिच्या डायरीत त्याच मंगळवारी, तिच्या बारीक अक्षरात: 'रात्रीची गोळी घेतल्याचं आठवत नाही.' माझं पान उलटलं. गुरुवार, आठ किलोमीटर, पि. तिच्याकडे: 'आज पण गोळी.' रविवार, तीस, पि. तिच्याकडे: 'गोळी. हे वाढत चाललंय. देवा, यांना माझं करावं लागू नये.'

ती एका बोटानं माझी ओळ धरायची, दुसऱ्या बोटानं तिची. माझ्या वहीत एकोणीस 'पि' होते. तिची डायरी सुरू होण्याआधीचे पाच सोडले तर चौदा. तिच्या डायरीत एकूण सोळा नोंदी होत्या. चौदा जुळल्या.

उरलेल्या दोन तिनं वाचून दाखवल्या. एका दिवशी दूध उतू गेलं होतं. एकदा समोरच्या नंदिनीच्या नातीचं नाव आठवलं नव्हतं.

"हे दोन माझे?"

"हो. हे तुझे."

"सरी," ती म्हणाली. "दोन चालतील."

मग तिनं डायरी मिटली आणि विचारलं, "त्या दिवसांत माझे गुडघे दुखत होते ते तुम्हाला दिसत होतं?"

मी हो म्हणालो. आता आणखी खोटं बोलायला जागाच नव्हती.

ती उठली. उठताना मी हात पुढे केला तो तिनं धरला नाही, टेबल धरलं. शेंगांचं भांडं उचलून आत गेली आणि गॅस पेटवल्याचा आवाज आला.

*

दुसऱ्या दिवशी तिनं डॉक्टरांना स्वतःच सगळं सांगितलं, माझ्यासमोर. तीन शब्द या वेळी दुसरे होते. तिन्ही आठवले. विद्या महिनाभर माझ्याशी बोलली नाही. सुमती बोलते, पण गरजेपुरतं. सामान हलवायचा विषय मागे पडला. कपाटाची किल्ली तिनं परत मागून घेतली. डबी रविवारी तीच भरते आणि स्वतःच्या कपाटात ठेवते. माझ्या गोळ्यांसाठी मला वेगळी डबी आणली आहे. "तुमचं तुम्ही बघा," म्हणाली. तिनं क्षमा केली का, हे मी विचारलेलं नाही, आणि तिनं सांगितलेलं नाही. पळणं माझं कायमचं संपलं. पस्तिसावा किलोमीटर मी पाहिला नाही.

ज्यांना पहिली मॅरेथॉन धावायची आहे त्यांना एवढंच सांगतो: दुखत असेल तर घरात मोठ्यानं सांगा. ते दुखणं तुम्ही लपवलंत तरी घरातलं कुणीतरी ते सोसत असतंच.

गेल्या गुरुवारी सकाळी आंघोळ करून बाहेर आलो तर घर शांत होतं. ओट्यावर झाकलेला नाश्ता होता. सुमतीची चप्पल जागेवर नव्हती. मी काठी टेकत जिन्यापर्यंत गेलो, पण एकट्यानं उतरायची मला अजून परवानगी नाही. दीड तास दाराशी खुर्ची टाकून बसलो.

मग फोन वाजला. विद्याचा होता.

"अप्पा, अम्मा आलीये. कुणी सोडलं तिला?"

"कुणी नाही," मी म्हणालो.

"म्हणजे? एकटी आली? दोन बस बदलून?"

पाठीमागून सुमतीचा आवाज आला, मला उद्देशून नव्हता तो. "अगं, एक्सप्रेसवेवरची बस मिळाली, बसायला जागा पण मिळाली. आधी पाणी दे मला."